सप्तशृंग गडाची यात्रा : दिंडोलीपासून देवीच्या पायरीपर्यंत

सुरत महानगरपालिकेच्या हद्दीतील दिंडोली हा भाग गुजरातेत असला, तरी तेथील अनेक गल्ल्यांतून अहिराणी आणि मराठी कानी पडते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे उदरनिर्वाहासाठी तापीच्या काठाने सुरतेकडे आली आणि यंत्रमाग, रंगाई व छपाईच्या उद्योगांत स्थिरावली. गाव सुटले, शेती सुटली. परंतु कुलदैवत सुटले नाही. श्रावणातील कानबाईचा उत्सव जसा या वस्त्यांतून साजरा होतो, तशीच चैत्र लागताच सप्तशृंगीच्या यात्रेची तयारी घरोघरी सुरू होते.

स्थान आणि माहात्म्य

सप्तशृंग गड नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यात, सातमाळा डोंगररांगेत वसला आहे. सभोवतालच्या सात शिखरांवरून त्यास हे नाव पडले. समुद्रसपाटीपासून गडाची उंची सुमारे १,४०० मीटर आहे. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी कोल्हापूर, तुळजापूर व माहूर ही तीन पूर्ण पीठे, आणि सप्तशृंग हे अर्धे पीठ, अशी परंपरा सांगितली जाते. कड्याच्या पायथ्याशी खडकातच कोरलेली देवीची मूर्ती सुमारे आठ फूट उंचीची व अठरा भुजांची आहे. देवीची मान किंचित कललेली दिसते. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी करीत असलेली स्तुती देवी कान देऊन ऐकत आहे, अशी त्यामागील कथा असून, त्या डोंगरास आजही मार्कंड्या म्हणतात.

पिढ्यान्‌पिढ्या लेपलेल्या शेंदरामुळे मूर्तीचे मूळ रूप झाकले गेले होते. सन २०२२ मध्ये दर्शन काही काळ बंद ठेवून शेकडो किलो शेंदराचा थर शास्त्रीय पद्धतीने दूर करण्यात आला आणि त्या वर्षीच्या नवरात्रापासून भाविकांस मूळ मूर्तीचे दर्शन घडू लागले.

यात्रेचा काळ

मुख्य यात्रा रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत भरते. आश्विनातील नवरात्र हा दुसरा उत्सव होय. कोजागरी पौर्णिमेस ठिकठिकाणच्या नद्यांचे जल कावडीने आणून देवीस अभिषेक करण्याची प्रथा आहे. चैत्रोत्सवात गडाच्या शिखरावर ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याकडे परंपरेने चालत आला आहे. एरवी ज्या सुळक्यावर कोणी पाऊल ठेवीत नाही, तेथे रात्री चढून लावलेला हा ध्वज पाहून यात्रेकरू हात जोडतात.

खानदेशातून गडाकडे पायी जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. सुरतेकडील यात्रेकरूंस वघई, सापुतारा, बोरगाव या बाजूचा रस्ता सोयीचा पडतो. सुमारे दोनशे किलोमीटरच्या या प्रवासात सह्याद्रीची चढण दोनदा येते. एकदा सापुताऱ्याच्या घाटात आणि पुन्हा नांदुरीहून गडावर जाताना. यात्रेचा खरा कस या दोन ठिकाणी लागतो.

उंचीपेक्षा घाटाचे भय

हिमालयातील केदारनाथ ३,५०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असल्याने श्वसनाचा त्रास संभवतो. सप्तशृंगावर तशी भीती नाही. येथील धोका निराळा आहे. तो वळणांचा, थकव्याचा आणि उन्हाचा आहे.

जानेवारी २००८ मध्ये गडाच्या घाटात यात्रेकरूंची बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. जुलै २०२३ मध्येही याच घाटात एक बस दरीत गेली. अशा घटनांचे स्मरण भय वाढविण्यासाठी नव्हे, तर सावधगिरीसाठी करावयाचे असते.

घाट उतरताना वाहनाचे वजनच त्यास खाली ओढीत असते. चालक सतत ब्रेक दाबून ठेवील तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर त्यांची पकड सैल होते. यास्तव ज्या गिअरमध्ये चढ चढावा, त्याच खालच्या गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुना नियम आहे. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे चालकाची झोप. सुरतेच्या कारखान्यांतून बारा-बारा तासांची पाळी असते. रात्रपाळी संपवून सकाळी गाडी काढावयाची, दर्शन उरकून त्याच रात्री परतावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभे राहावयाचे, असा बेत पुष्कळजण आखतात. एका दिवसाचा रोज वाचविण्यासाठी केलेली ही घाई सर्व कुटुंबास महागात पडू शकते. गडावर भक्तनिवासाची सोय आहे. तेथे एक रात्र विसावा घेऊन दिवसाउजेडी घाट उतरणे हेच शहाणपणाचे होय.

यात्राकाळात खासगी वाहने नांदुरी येथे थांबवून तेथून राज्य परिवहनच्या बसने भाविकांस गडावर नेण्यात येते. ही व्यवस्था अडचणीची वाटली, तरी अरुंद घाटात शेकडो वाहनांची कोंडी टाळण्याचा तो खात्रीचा उपाय आहे.

पायऱ्या आणि ट्रॉली

गडावरील वस्तीपासून मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. वृद्ध, अपंग आणि गर्भवती स्त्रिया यांना हा चढ अवघड जात असे. सन २०१८ मध्ये येथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. या रचनेत दोन डबे एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांस जोडलेले असतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे बांधावेत तसा हा प्रकार असून, उतरत्या डब्याच्या वजनाचे साहाय्य चढत्या डब्यास मिळते. ज्या आजीने पंधरा-वीस वर्षे पायथ्यावरूनच हात जोडले, तिलाही आता देवीसमोर उभे राहता येते.

यात्रेकरूंनी घ्यावयाची दक्षता

पायी जाणाऱ्यांनी चैत्रातील दुपार सावलीत काढावी आणि पहाटे व सायंकाळी चालावे. घाम फार गेल्यास नुसते पाणी पुरत नाही. त्यात चिमूटभर मीठ व थोडी साखर घालून घ्यावी. रात्री चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने, एका ओळीत चालावे. अंगावर चकाकणारी पट्टी असलेला कपडा असावा. हृदयविकार वा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी औषधे जवळ बाळगावीत आणि पायऱ्या थांबत थांबत चढाव्यात. लहान मुलांच्या खिशात पालकांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

डोंगरमाथ्यावर पाणी उन्हाळ्यात तुटपुंजे असते आणि खाली टाकलेला कचरा दरीतच साचतो. म्हणून पाणी जपून वापरावे व प्लॅस्टिक परत न्यावे.

शिक्षकांनी यात्रेपूर्वी विद्यार्थ्यांस या गोष्टी समजावून सांगितल्यास त्या घरोघरी पोहोचतील. यात्रा मंडळांच्या प्रमुखांनी वाहन ठरविताना भाड्याआधी चालकाच्या विश्रांतीची चौकशी करावी. दिंडोलीतून निघालेला प्रत्येक यात्रेकरू प्रसाद घेऊन सुखरूप आपल्या उंबरठ्यावर परतला, म्हणजेच यात्रा पूर्ण झाली असे म्हणावयाचे.