संदेशाची वाट आणि शेजाऱ्याचा शब्द

एखादी वस्तू रोजच्या वापरात आली की तिच्याविषयीचे कुतूहल हळूहळू मावळते. इंटरनेटचे तसेच झाले आहे. पुण्यातला भाऊ अमेरिकेतल्या बहिणीशी समोर बसल्यासारखा बोलतो. परंतु आपला शब्द कोणत्या वाटेने गेला, ती वाट कोणी ठरविली आणि वाट सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवावा, हे प्रश्न त्याच्या मनात सहसा येत नाहीत. आज या तीन प्रश्नांचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोबाइलला तार नाही, तेव्हा त्याचा संदेश आकाशातून, उपग्रहावरूनच परदेशी जात असावा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. बिनतारी प्रवास बहुधा खिशातल्या यंत्रापासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतचाच असतो. पुढची बहुतेक वाट काचेच्या तंतूंची. खंडाखंडांमधला जवळजवळ सगळा व्यवहार समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींतून चालतो आणि त्यांपैकी कित्येक केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात.

या वाटेवरून संदेश अखंड जात नाही. त्याचे साधारण दीड हजार बाइटांपर्यंतचे तुकडे करतात. अशा तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील डोनाल्ड डेव्हिस यांनी दिले. आपण त्याला पाकीट म्हणू. प्रत्येक पाकिटावर पाठविणाराचा आणि घेणाराचा पत्ता आकड्यांत लिहिलेला असतो. वाटेत जागोजागी राउटर नावाची यंत्रे असतात. ती पत्ता वाचतात आणि पाकीट पुढच्या राउटरच्या हवाली करतात.

आता येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की यांपैकी कोणत्याही राउटरला सगळी वाट ठाऊक नसते. पायी पंढरपुराला निघालेला माणूस वाटेत विचारतो, ‘पंढरीची वाट कोणती?’ शेतकरी हात करून सांगतो, ‘त्या वडापाशी डावीकडे वळा, पुढे कोणालाही विचारा.’ त्याने सारा मुलूख पाहिलेला नसतो, पण आपल्या शिवारापुरते त्याला पक्के ठाऊक असते. राउटरचे ज्ञान याच जातीचे आहे. एका कंपनीच्या हद्दीत राउटरांना सगळा नकाशा मांडता येतो. त्यावरून सर्वांत कमी खर्चाची वाट कशी काढावी, याची रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली, आणि ती आजही उपयोगात आहे. हद्दीपलीकडे मात्र शेजाऱ्याला विचारावे लागते.

इंटरनेट हे एक जाळे नव्हेच. सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडून ते बनले आहे. कोणी दूरध्वनी कंपनी, कोणी विद्यापीठ, कोणी बँक. प्रत्येकाचा कारभार वेगळा. त्यांनी सीमेवर एकमेकांशी कसे बोलावे, याचा आराखडा जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघा अभियंत्यांनी जेवणाच्या टेबलावर, हात पुसण्याच्या कागदांवर मांडला. ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ हे त्याचे नाव. त्याची रीत सोपी आहे. प्रत्येक जाळे शेजाऱ्याला सांगते, ‘अमुक पत्त्यांची पाकिटे माझ्याकडे द्या, मी पोहोचवितो.’ शेजारी ही वार्ता स्वतःचा क्रमांक जोडून पुढे कळवितो. एकाच पत्त्यासाठी दोन वाटा कळल्या, तर प्रथम आपापले करारमदार पाहावयाचे. ते सारखेच असतील, तर ज्या वाटेवर मध्ये कमी जाळी लागतात ती पत्करावयाची. यात कोठेही मुख्य कचेरी नाही, की शेवटचा हुकूम देणारा अधिकारी नाही.

या रचनेचा गुण आणि दोष, दोन्ही २००८ सालच्या एका महिन्याच्या आतच जगाला दिसले.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन मोठ्या केबली निकामी झाल्या. भारताचा पश्चिमेशी होणारा फार मोठा व्यवहार त्यांवरून चाले. त्या दिवशी आपल्याकडे वेग मंदावला, अनेकांची कामे अडली. पण संबंध तुटला नाही. तुटलेल्या वाटेची वार्ता राउटरांनी एकमेकांना दिली, अभियंत्यांनी इतर केबलींवर जास्तीची जागा मिळविली आणि पुष्कळशी पाकिटे पूर्वेकडून, पॅसिफिक महासागर ओलांडून जाऊ लागली. मुख्य कचेरी नसण्याचा हा लाभ होय.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी याची दुसरी बाजू दिसली. पाकिस्तान सरकारने यूट्यूब आपल्या देशात बंद करण्याचा हुकूम काढला होता. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या जाळ्यात खोटी वाट लावून दिली, की यूट्यूबचे २५६ पत्ते आमच्याकडेच आहेत. ही वार्ता घरात राहावयाची, ती बाहेर पडली. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने ती खरी मानून जगभर पुढे दिली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या गटाची होती, आणि नियम असा आहे की अधिक नेमक्या पत्त्याची वाट ग्राह्य धरावी. एका पेटीवर ‘सातारा जिल्हा’ आणि दुसरीवर ‘वाई’ असे लिहिले असेल, तर वाईचे पत्र दुसऱ्या पेटीत पडणार. नियमात काही गैर नाही. पण दुसरी पेटी ठेवणारा खरोखर वाईचा आहे काय, हे कोणी विचारले नाही. जागतिक प्रमाणवेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी हा प्रकार सुरू झाला. ८ वाजून ७ मिनिटांनी यूट्यूबने तेच २५६ पत्ते आपले म्हणून पुकारले, पुढे १२८-१२८ पत्त्यांच्या त्याहून नेमक्या घोषणा केल्या. ९ वाजून १ मिनिटाने हाँगकाँगच्या कंपनीने ती वार्ता मागे घेतली, तेव्हा प्रकरण मिटले. एका देशाची घरातली बंदी दोन तास जगातल्या असंख्य लोकांवर लादली गेली, आणि तीही कोणाच्या मनात नसताना.

मनात असते तर काय झाले असते, याचे उत्तर एप्रिल २०१८ मध्ये मिळाले. चोरट्यांनी अ‍ॅमेझॉनच्या पत्ते सांगणाऱ्या सेवेकडे जाणारी पाकिटे याच युक्तीने वळविली, लोकांना एका बनावट स्थळी नेले आणि त्यांची आभासी चलनातली पुंजी लुटली.

मग उपाय कोणता? एक मुख्य कचेरी नेमावी, असे पटकन सुचते. पण त्या कचेरीवर ज्याचा ताबा, त्याच्या हाती साऱ्या जगाच्या वाटा जातील. आणि ती बंद पडली तर सगळेच बंद पडेल. अभियंत्यांनी निवडलेला उपाय आपल्या खेड्यांना परिचित आहे. बांधाचा वाद निघाला आणि शेजाऱ्याचा शब्द पुरेना, म्हणजे आपण सात-बाराचा उतारा पाहतो. पत्ते वाटून देणाऱ्या नोंदणी संस्था आता पत्त्याच्या धन्याला दाखला देतात. त्या दाखल्याच्या बळावर धनी सही करून सांगतो, की माझे पत्ते अमुकच जाळ्याने पुकारावेत. ही सही खोटी करता येत नाही. वार्ता आली की राउटर ती सहीशी ताडून पाहतो आणि जुळली नाही तर टाकून देतो. २०२४ साली जगातल्या निम्म्याहून अधिक मार्गांना अशा सह्या लाभल्या. तथापि, उताऱ्याने शेत कोणाचे ते कळते, शेताकडे जाणारी वाट खरी की खोटी ते कळत नाही. मधल्याच एखाद्या जाळ्याने वाटेविषयी खोटे सांगितले, तर ही सही पुरी पडत नाही. शिवाय सही तपासण्याचे काम प्रत्येक जाळ्याने स्वतःहून करावयाचे आहे. जो तपासत नाही, त्याच्या दारातून खोटी वार्ता आत येते आणि तिचा भुर्दंड दूरच्या, निरपराध माणसाला पडतो.

बँकेचे व्यवहार, इस्पितळांचे कागद, मुलांचे शिक्षण, हे सर्व आता याच वाटांवरून चालते. म्हणून आपल्याला सेवा देणाऱ्या कंपनीला वेगाविषयी आणि दराविषयी विचारताना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा, ‘शेजाऱ्याने सांगितलेली वाट तुम्ही तपासून घेता काय?’ ग्राहक हे विचारू लागले, म्हणजे तपासणी टाळणे कंपन्यांना कठीण जाईल.