ती एक घडी

मंडळी, आज आम्ही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापासून जरा लांब जाणार आहोत. आपल्या वाशीम जिल्ह्यात एखाद्या घरी पोरगं म्हणालं, 'मला जगावंसं वाटत नाही', तर त्या घरानं काय करायचं, एवढाच आजचा प्रश्न.

आधी आमचीच चूक सांगतो. आम्ही शिकवत होतो तेव्हा बी.ए.चा एक मुलगा तास संपल्यावर थांबला. म्हणाला, 'सर, या सगळ्याला अर्थ काय?' आम्हाला वाटलं, पोरगा अभ्यासू आहे! अर्धा तास गीता झाली, ग्रीक झाले. तो मान हलवत राहिला. त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला. पण 'तुला काय होतंय रे?' हे चार शब्द काही आमच्या तोंडून निघाले नव्हते.

विचारलं तर नसतं खूळ डोक्यात शिरेल, ही भीती सगळ्यांना असते. संशोधन तसं सांगत नाही. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं शांतपणे, सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही. पुष्कळदा मुलाला सुटल्यासारखं वाटतं. मग आपण गप्प बसायचं. 'शेजारच्याचा पोरगा बघ' हे वाक्य तर गिळूनच टाकायचं.

दुसरी गोष्ट अशी, की ही घडी फार वेळ टिकत नाही. श्रीलंकेनं 1990च्या दशकात सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली आणि दहाएक वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. लोकांची दुःखं संपली होती का? छे, तिथं तर यादवी युद्ध चालू होतं. हाताशी जहाल विष नव्हतं, त्यामुळे पुष्कळांची ती घडी टळून गेली. आपल्याकडे सोयाबीनच्या फवारणीचं औषध कोठ्यात, नाहीतर पलंगाखाली. त्याला कुलूप हवं, किल्ली जाणत्या माणसाकडे हवी. पोर उदास असेल तर ते घरात ठेवूच नये. आणि काही घेतल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा.

'पोलीस केस होईल' म्हणून लोक लपवतात. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 115 असं मानतं, की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता. उलट सिद्ध झालं नाही तर त्याला शिक्षा नाही. उलट, त्याची काळजी घेण्याचं, उपचारांचं कर्तव्य कायद्यानं सरकारवर टाकलंय. हे गावच्या पारावर मोठ्यानं वाचायला हवं, असं आमचं मत.

फोन कुठं करायचा? 'टेलि-मानस', नंबर 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. अडचणीतल्या लहान मुलांसाठी 1098. फोन जमत नसेल तर आशाताईंना गाठा, जिल्हा रुग्णालयाचा रस्ता त्या दाखवतील.

तोवर पोराला एकटं सोडू नका. आईनं जवळ बसून नुसती तूर निवडली तरी चालेल.