चाकांवरचे घर जुने होते तेव्हा...

पौड (ता. मुळशी) - पुण्याहून चांदणी चौक ओलांडला, की भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे मागे टाकत रस्ता मुळशी जलाशयाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे वळतो. शनिवार-रविवारी या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. त्या गर्दीत एखादी गाडी लक्ष वेधून घेते. बाहेरून ती जुनी मॅटाडोर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर. आत मात्र झोपण्याची फळी, हातभर ओटा, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी. हॉटेलच्या आरक्षणाची चिंता न करता कुटुंबासह भटकता यावे, या हौसेपोटी बांधून घेतलेले हे चाकांवरचे घर.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि या हौसेला नवे वलय मिळाले. नव्या कोऱ्या कॅराव्हॅनची चर्चा त्यानंतर बरीच झाली. मात्र ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची गाडी उभी आहे, त्यांचा प्रश्न निराळा आहे. एखादा भाग मोडतो, मालक दुकानोदुकानी फिरतो आणि 'हा पार्ट बंद झाला' एवढेच उत्तर ऐकून परततो. दोन-चारदा असा अनुभव आला, की गाडी भंगारात घालण्याचा विचार बळावतो. वास्तविक, अनेकदा बंद झालेला असतो तो भाग नव्हे, तर तो शोधण्याचा मार्ग चुकलेला असतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अशा गाडीत खरे तर दोन वस्तू एकत्र नांदत असतात. एक, रस्त्यावर धावणारे वाहन. दुसरी, त्यावर बसवलेले घर. वाहनाचे भाग त्याच्या वंशावळीतून सापडतात, तर घराचे भाग मापावरून. या दोहोंची गल्लत झाली, की शोध फसतो.

आकुर्डीची वंशावळ

पुणेकरांच्या दृष्टीने जमेची बाजू अशी, की या गाड्यांचे मूळ त्यांच्या शेजारीच आहे. एन. के. फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी स्थापन केली. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी सहकार्य करून प्रारंभी तीनचाकी मालवाहू गाड्या बनवल्या गेल्या. मालवाहू गाडीला 'टेम्पो' म्हणण्याची मराठीतली रूढी या नावातूनच आली. 'मॅटाडोर' हे नावही मुळात जर्मन टेम्पोच्या गाडीचे. १९८७ मध्ये आलेली ट्रॅव्हलर डेमलर-बेंझच्या टी-१ मालिकेवर बेतलेली होती. २००५ मध्ये बजाज टेम्पोचे नाव बदलून फोर्स मोटर्स झाले, तरी गॅरेजमध्ये आजही जुनेच नाव ऐकू येते.

या इतिहासाचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. ऐंशीच्या दशकापासून या कंपनीच्या गाड्यांत डेमलर-बेंझच्या परवान्याखाली बनलेले ओएम ६१६ हे २.४ लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसू लागले. जगभर टॅक्सी म्हणून गाजलेल्या मर्सिडीज २४० डी मोटारीतही हेच इंजिन होते. आपल्याकडे ते मॅटाडोर आणि ट्रॅव्हलरबरोबरच ट्रॅक्समध्येही आले. ग्रामीण महाराष्ट्रात वडाप म्हणून वर्षानुवर्षे प्रवासी वाहणारी ट्रॅक्स ती हीच. वडापची गाडी एक दिवस उभी राहिली, की त्या दिवसाची कमाई बुडते. साहजिकच तिचे पिस्टन रिंग, गॅस्केट, हीटर प्लग, नोझल असे भाग तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचले.

त्यामुळे काउंटरवर 'कॅराव्हॅनचा पार्ट' मागणे व्यर्थ. इंजिनाचा प्रकार, त्याचा क्रमांक आणि शक्य असल्यास मोडलेला भागच सोबत न्यावा. जुन्या भागावर ओतीव किंवा कोरलेला क्रमांक बहुधा असतो. वायर ब्रशने घासल्यास तो वाचता येतो. डिझेल पंपाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंगळूरची 'मायको' ही कंपनी २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली. त्यामुळे जुन्या पंपावरचे नाव आणि नव्या डब्यावरचे नाव वेगळे दिसले, तरी गोंधळून जाण्याचे कारण नाही. जुळायला हवा तो क्रमांक.

अर्थात सगळेच भाग इतक्या सहजी मिळत नाहीत. इंजिनाचे भाग अनेक गाड्यांना चालतात. दाराची कडी, पुढची काच, मीटर, दिव्याची चौकट हे मात्र त्या-त्या मॉडेलचेच लागतात. नव्या मालासाठी पुण्यात नाना पेठ, तर वापरलेल्या मालासाठी बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार हे नेहमीचे पत्ते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा व्यापार चालतो. जुना माल घेताना मात्र एक नियम कटाक्षाने पाळावा. कडी, काच, मीटर, सीटची चौकट हे भाग वापरलेले घेण्यास हरकत नाही. ब्रेकचे होज पाइप, व्हील सिलिंडरचे रबर, स्टीअरिंगचे बॉल जॉइंट आणि टायर हे भाग कितीही स्वस्त मिळाले, तरी जुने घेऊ नयेत.

नाव नव्हे, माप विचारा

घराच्या भागांचे गणित याच्या अगदी उलट आहे. ते कोणत्याही एका कंपनीने बनवलेले नसतात. बॉडी बांधणाऱ्या कारागिराने त्या वेळी बाजारात जे मिळाले, ते बसवलेले असते. त्यामुळे येथे क्रमांक शोधून हाती काही लागत नाही. लांबी, जाडी, दाब, व्होल्ट आणि अँपिअर यांची मोजमापे घ्यावी लागतात.

खिडकीच्या काचेभोवतीचे रबर हे त्याचे सोपे उदाहरण. जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून त्याचा आडवा छेद दाखवला, तर बसच्या बॉडीचे सामान विकणाऱ्या दुकानात तसेच रबर मीटरवर मिळू शकते. नळाला पाणी आणणारा १२ व्होल्टचा छोटा पंप परदेशी कॅराव्हॅनच्या दुकानातूनच मागवायला हवा असे नाही. शेतकऱ्यांच्या बॅटरीवरील फवारणी पंपात त्याच जातीचा डायफ्रॅम पंप असतो आणि तो कृषी सेवा केंद्रात मिळतो. घेताना मिनिटाला किती लिटर पाणी देतो आणि दाब वाढल्यावर आपोआप बंद होतो का, एवढे पाहावे. फवारणीसाठी वापरलेला पंप मात्र पिण्याच्या पाण्याला कदापि लावू नये. फळी उचलून धरणारा गॅसचा दांडाही मोटारीच्या डिकीला असतो त्याच प्रकारचा. त्यावर न्यूटनमध्ये छापलेला आकडा आणि दांड्याची लांबी जुळली, की काम झाले.

जे भाग बाजारात नाहीतच, ते करून घेता येतात. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात लेथवर बुश किंवा पिन करून देणारी वर्कशॉप आहेत. नमुना दिल्यास रबराचे भाग ओतून देणारेही सापडतात. एका नगाचा खर्च अधिक पडतो, हे खरे. म्हणूनच एकाच वेळी दोन-तीन नग करून ठेवणे शहाणपणाचे.

विजेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. घरात १०० वॉटच्या उपकरणाला अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर तेच उपकरण आठ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. घरगुती वापराची बारीक तार येथे तापते आणि प्लायवुडच्या आड तापलेली तार कुणाला दिसत नाही. जाड तार आणि बॅटरीलगत योग्य क्षमतेचा फ्यूज या दोन गोष्टी अनिवार्य समजाव्यात. गॅसचेही तसेच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली, की तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र हवेच. अनेक जुन्या गाड्यांत खालून धूळ येते म्हणून हेच छिद्र बुजवलेले आढळते.

खरा शत्रू पाऊस

मुळशीत गाडी ठेवणाऱ्याने इंजिनाच्याही आधी छताकडे पाहावे. ताम्हिणी परिसर हा राज्यातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक. जुलै २०२४ मध्ये तेथे २४ तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला गेला. इंजिन बिघडले, तर ते आवाज करते, धूर सोडते. पाणी मात्र मुकाट्याने आत शिरते. छतावरचा झरोका, सामानाचा कॅरिअर किंवा सौर पॅनेलसाठी पाडलेले छिद्र येथून ते झिरपते, भिंतीतल्या प्लायवुडमध्ये मुरते आणि खाली उतरून पत्रा कुजवते. कुबट वास येईपर्यंत निम्मे नुकसान झालेले असते.

यावरची तपासणी बिनखर्ची आहे. आतील भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करावी. सुक्या प्लायचा आवाज टणक येतो. भिजलेला प्लाय बद्द वाजतो आणि दाबल्यास बोट किंचित रुतते. गळती सापडली, की जुन्या सिलिकॉनवरच नवे सिलिकॉन फासण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण जुन्या थरावर नवा थर धरत नाही. जुना थर पूर्ण खरवडून काढावा लागतो. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन धातूला गंज चढवते. पत्र्यासाठी न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली बारीक छिद्रे तारेने मोकळी करावीत. हे सारे काम मे महिन्यात उरकावे. जून लागल्यावर ओल्या पत्र्यावर काहीच धरत नाही.

घाट, वजन आणि ब्रेक

गळती खिसा रिकामा करते. ब्रेकमधील हलगर्जी जिवावर बेतते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. त्यात फर्निचर, बॅटरी, सिलिंडर आणि माणसे यांची भर पडते. प्रवासी गाडीचे वजन उतरताना कमी होते. घर झालेली गाडी मात्र आपले ओझे कायम पाठीवर वागवते. पाटे बसतात, ब्रेक लवकर झिजतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ताम्हिणी उतरताना ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी खाली जाते. गाडी वर्षातून दोनदाच निघत असली, तरी ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. उतारावर ब्रेकपेक्षा खालच्या गिअरवर भिस्त ठेवावी.

उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '२३१८' म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही बाजूला भेगा दिसल्या, तर तो टायर घाटात नेऊ नये.

कागदही दुरुस्त हवेत

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील हलक्या चारचाकीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवण्यात आले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्यामुळे जुनी गाडी विकत घेताना ती कागदोपत्रीही कॅम्पर व्हॅन आहे की केवळ प्रवासी गाडी, हे आधी पाहावे. भंगार बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवल्यास त्याचा क्रमांक बदलतो. खरेदीची पावती आणि आरटीओकडील नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

थांबायचे कधी?

मग दुरुस्ती कुठवर करावी? इंजिन पुन्हा बांधता येते, प्लाय बदलता येतो, तारा नव्याने ओढता येतात. चासीच जागोजागी कुजली असेल, तर मात्र मायेला आवर घालावा. गाडी लिफ्टवर घेऊन चासीला हातोडीने ठोकून पाहणे, ही कोणत्याही खर्चापूर्वीची पहिली पायरी. पत्र्याचे पापुद्रे निघाले, तर त्या गाडीची दारे, काचा आणि इंजिनाचे भाग दुसऱ्या एखाद्या गाडीला जीवदान देऊ शकतात.

चासी शाबूत असेल, तर आणखी एक गोष्ट हवी, आणि ती बाजारात मिळत नाही. ती म्हणजे गाडीची वही. कोणता भाग कधी बदलला, त्याचा क्रमांक काय, माप काय, तो कोणत्या दुकानात मिळाला आणि कोणत्या फिटरने बसवला, याची नोंद. या गाड्या तोंडपाठ असलेल्या मेकॅनिकांची पिढी आता निवृत्त होत आहे आणि त्यांचे ज्ञान कुठेही छापलेले नाही. गाडी ठेवली काय, विकली काय, किल्लीबरोबर ही वही पुढच्या हातात गेली, तर 'पार्ट बंद झाला' हे वाक्य शेवटचे ठरणार नाही.