डेगाण्याच्या टेकडीतलं टंगस्टन

राजस्थानातल्या नागौर जिल्ह्यात डेगाणा गावाजवळ रेवत नावाची ग्रॅनाइटची टेकडी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांना इथे टंगस्टन सापडलं. लालबुंद तापूनही धार न सोडणाऱ्या पोलादी हत्यारांसाठी हा धातू लागतो, त्यामुळे युद्ध म्हटलं की त्याचा भाव चढायचा.

ग्रॅनाइटचा रस थिजताना शेवटी उरलेलं तप्त, खनिजयुक्त पाणी भेगांमध्ये घुसलं. तिथे गारगोटीच्या पांढऱ्या शिरा तयार झाल्या आणि त्यांतच वुल्फ्रमाइट हे टंगस्टनचं खनिज साचलं. या खनिजाचा तुकडा हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं: तेवढ्याच आकाराच्या गारगोटीच्या अडीचपटीहून जास्त! रंग काळपट तपकिरी, आणि फुटलेली बाजू आरशासारखी चमकते. हा जडपणाच कामी येतो. खडक दळून पाण्याबरोबर हलत्या टेबलावर सोडला, की हलकी गारगोटी वाहून जाते नि वुल्फ्रमाइट मागे राहतं. सोबतीला पुष्कराज, फ्लोराइट आणि झिनवाल्डाइट हे लिथियमयुक्त अभ्रकही इथे आढळतं.

स्वस्त चिनी टंगस्टनपुढे ही खाण टिकली नाही. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. देशाला लागणारं टंगस्टन बहुतांशी आयात होत असताना हे खटकतंच.

2023 साली इथे लिथियमचा प्रचंड साठा सापडल्याच्या बातम्या झळकल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यांचा लगेच इन्कार केला. टंगस्टन मात्र महाराष्ट्रातही सापडलं आहे: नागपूर जिल्ह्यात कुही-आगरगाव पट्ट्यात.