न्यूमोनियात बेडक्याची तपासणी: नमुना कसा द्यावा, खर्च कोण करते?

न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल झाल्यावर अनेकदा झाकणाची छोटी डबी देऊन ‘थुंकी द्या’ असे सांगितले जाते. या शब्दानेच घोटाळा होतो. प्रयोगशाळेला तोंडातली लाळ नको असते, छातीतून खोकून वर आलेला घट्ट बेडका हवा असतो. लाळेत तोंडातलेच जंतू सापडतात. म्हणून नमुना आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लाळच जास्त असेल तर दुसरा मागतात आणि तेवढा वेळ वाया जातो.

सकाळी उठल्यावरचा बेडका चांगला. कवळी असल्यास काढून ठेवा. साध्या पाण्याने चूळ भरा, माउथवॉशने नको. बसून दोन-तीन खोल श्वास घ्या, जोर लावून खोका आणि बेडका थेट डबीत टाका. डबी उशाशी ठेवू नका, लगेच नर्सकडे द्या. ती 2 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचायला हवी.

नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी द्यावा. दुकानातून आणलेल्या गोळ्या आधीच घेतल्या असतील तर पाकीट डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. मात्र गंभीर रुग्णाचे औषध नमुन्यासाठी अडवून ठेवत नाहीत.

प्राथमिक अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. कल्चरला मात्र साधारण 2 ते 3 दिवस लागतात. कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते, हे त्यातून कळते. त्यानंतर डॉक्टरांनी औषध बदलले, तर आधीचे चुकले होते असे समजू नका. कल्चरमध्ये काहीच वाढले नाही, तरी न्यूमोनिया असू शकतो; विषाणू या तपासणीत दिसत नाहीत. घरीच बऱ्या होणाऱ्या सौम्य न्यूमोनियात ही तपासणी सहसा लागत नाही.

आयुष्मान कार्डधारकाला योजनेशी संलग्न रुग्णालयात या योजनेखाली दाखल केले असेल, तर उपचारासाठी लागणाऱ्या तपासण्यांचा खर्च पॅकेजमध्येच धरलेला असतो. दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवसही त्यात येतात. नुसते बाह्यरुग्ण विभागात दाखवून परतलात, तर हा लाभ मिळत नाही. तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर रुग्णालयातील आरोग्य मित्राला भेटा किंवा 14555 या क्रमांकावर फोन करा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर बेडक्याची क्षयरोगासाठीही तपासणी करून घ्या. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. त्यासाठी आयुष्मान कार्ड लागत नाही.