गच्चीवरची माती आणि गावातली पड

2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास 16 लाख 97 हजार होती. 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजारांवर आली. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या वाढत असताना आमचा जिल्हा आकसला. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया नोंदल्या गेल्या. हा आकडा वाचून बाहेरचे लोक आमचं कौतुक करतात. आम्हाला कारण ठाऊक आहे: कमावता पुरुष गावात नाही, मुंबईत आहे.

लोकसंख्या घटण्याचं जगात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं. 1950 मध्ये मोटारींच्या या राजधानीत साडेअठरा लाख माणसं राहत होती, 2010 मध्ये सव्वासात लाखांच्या आत उरली. 2013 च्या जुलैमध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. ओस पडलेल्या घरांच्या जागी लोकांनी भाज्या लावल्या आणि त्या मळ्यांवर राबायला देशोदेशींचे तरुण पाठपिशव्या घेऊन येऊ लागले. अशा प्रवासाची रीत तशी जुनी आहे. 1971 मध्ये लंडनमधल्या स्यू कोपर्ड या सेक्रेटरीने शनिवार-रविवारी शहरातल्या माणसांना सेंद्रिय शेतावर कामाला नेण्याची टूम काढली, तिचं पुढे वूफ नावाचं जगभरचं जाळं झालं. दिवसाचे काही तास काम करायचं, त्याबदल्यात जेवण आणि राहायची सोय.

मी मात्र डेट्रॉइटला गेले नाही. आमचं डेट्रॉइट रात्रीच्या गाडीने गाठता येतं. त्याचं नाव गिरणगाव, मुंबईतला कापड गिरण्यांचा पट्टा.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या अर्धशतकात परळ-लालबाग-भायखळ्याचा पट्टा भोंग्यावर उठू लागला आणि तिथे राबायला रत्नागिरीचा माणूस गेला, आधी गलबताने, मग आगबोटीने. 1911 च्या जनगणनेत मुंबईतल्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता. हे सगळे शेतकरी. लावणीच्या दिवसांत कामगार गावी पळतात, अशी मालकांची कायमची तक्रार असे. पण याच गावच्या शेतीने मालकांना स्वस्त कामगार दिला, हे त्या तक्रारीत येत नसे. आजारपण, म्हातारपण, बायकोचं बाळंतपण, सगळं गावचं भात आणि नाचणी निभावून नेत होती. संपाच्या काळातही तीच कामी आली. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा हजारो कुटुंबांनी गावची वाट धरली. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र बंद होत गेल्या.

मुंबईहून येणारी मनीऑर्डर थांबली तेव्हा गावातले वाफेही कमी झाले होते, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणी लिहून ठेवलेली नाही. पैसा शहरातून येतो याची सवय लागली की आधी वरकस जमिनीवरची वरी-नाचणी सुटते, मग मळ्याची भाजी, शेवटी भातही.

गिरणगावात काही आठवडे हातभार लावायला गेले ते हे सगळं डोक्यात घेऊन. जागा एका जुन्या इमारतीची गच्ची. काम करणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची, सकाळी दुधाच्या पिशव्या घरात ठेवून वर येणारी. त्यांच्यात संगमेश्वर तालुक्यातले एक आजोबा होते, उमेदीची सगळी वर्षं साचाखात्यात काढलेले. मातीचा गोळा मुठीत दाबायचा, मूठ उघडायची. गोळा बोट टेकताच फुटला तर ओल बरोबर, नाही तर पाणी जास्त झालं, ही परीक्षा त्यांनी मला पहिल्याच सकाळी शिकवली. लहानपणी वडिलांबरोबर मळ्यात शिकलेली ही गोष्ट त्यांनी गिरणीच्या सगळ्या वर्षांत एकदाही वापरली नव्हती.

मुंबईत गच्चीवरच्या शेतीला वळण लावणाऱ्यांत वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांचं नाव आधी घ्यावं लागेल. उसाच्या चोयट्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या वापरून त्यांनी फळभाज्या पिकवून दाखवल्या. दुसरं नाव प्रीती पाटील यांचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खानपान विभागात त्या अधिकारी होत्या. तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांचं जेवण रांधलं जाई आणि भाज्यांच्या देठा-सालींचा ढीग पडे. 2002 च्या सुमारास त्यांनी तो कचरा खाली न पाठवता वर गच्चीवर चढवला. काही वर्षांत तिथे चिकू, पेरू, नारळ आणि पालेभाज्या उभ्या राहिल्या. ‘अर्बन लीव्हज’ या नावाने त्यांनी पुढे शहरातल्या इतर गच्च्यांवरही स्वयंसेवकांना घेऊन ही रीत नेली.

या सगळ्यामागचा विचार मराठी मातीतलाच आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात काम केलेले, गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना त्यांनी आपल्या वेलीकडे प्रयोगशाळेतल्या माणसासारखं बघायला शिकवलं. पानावर पडणारं ऊन हीच खरी भांडवली गुंतवणूक, असं ते मांडत. थोड्या जागेत, हिशोबाने, एका कुटुंबाला पुरेल एवढं पिकवता येतं, ही त्यांची मांडणी गच्चीला नेमकी लागू पडते.

गच्चीवर खरी अडचण वजनाची आणि गळतीची असते. सोसायटीच्या सभेत याच दोन मुद्द्यांवर शेती अडते. म्हणून साधी माती टाळून अमृतमिट्टी करतात. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ आणि दहा लिटर पाणी एकत्र करायचं, तीन दिवस रोज ढवळायचं. चौथ्या दिवशी ते दहापट पाण्यात मिसळून त्यात सुका पाला चोवीस तास भिजवायचा. मग पाल्याचा एक थर, वर मूठ-मूठ माती, पुन्हा पाला, असा फूटभर उंचीचा ढीग रचायचा आणि महिनाभर दर आठवड्याला तो खालीवर करायचा. पुढे त्याच ढिगावर धान्य, कडधान्य, मसाले, भाज्या अशी सरमिसळ बियाणी पेरायची आणि रोपं 21, 42 आणि 63 दिवसांनी कापून त्यातच मिसळायची. चार महिन्यांनी हाताशी येते ती काळी, हलकी, पावसाच्या पहिल्या सरीचा वास असलेली माती. रस्त्यावरचा झाडलेला पाला पोत्यात भरून चार मजले चढवणं हे स्वयंसेवकाचं मुख्य काम. मला तेच दिलं होतं आणि ते योग्यच होतं.

पण ज्या शहरात शेकडो एकर गिरण्यांची जमीन मोकळी झाली, तिथे शेतकऱ्याच्या मुलांना माती करायला चौथ्या मजल्यावर का जावं लागतं? गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने 1996 मध्ये या जमिनींचा एकत्रित आराखडाही सुचवला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, शेड पाडून निघणाऱ्या जमिनीची नाही, असं ठरलं. गिरणीत मोकळी जागा असते किती? 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल धुडकावला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र हाच बदल कायम ठेवला. नियमाप्रमाणे 200 एकरांच्या आसपास बागा-मैदानं व्हायची होती, त्यातली फार थोडी पदरात पडली. मुंबईच्या शहर-शेतीचा इतिहास लिहायचा तर हा निकाल त्यातलं मधलं पान आहे.

डेट्रॉइटची जमीन कोणाला नको होती म्हणून लोकांच्या हाती आली, आमची सगळ्यांना हवी होती म्हणून गेली. पण तिथलाही इतिहास नीट वाचला पाहिजे. 1894 च्या मंदीत महापौर हेझन पिंग्री यांनी शहरातली 430 एकर पडीक जमीन बेकारांना बटाटे लावायला दिली होती. मनात आणलं तर पडीक जागेचा असा वापर होतो, हे त्यांनी दाखवलं. अलीकडच्या काळात, 2006 मध्ये, मलिक याकिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या काळ्या रहिवाशांची अन्नसुरक्षेसाठी संघटना बांधली आणि रूज पार्कमध्ये सात एकरांचं डी-टाउन शेत उभं केलं. शहर बहुसंख्य काळ्यांचं, मळ्यांची सूत्रं मात्र बाहेरून आलेल्या गोऱ्या तरुणांकडे, हे त्यांना खटकलं होतं. पाहुण्याने राबावं जरूर, पण काय पेरायचं ते घरच्यांनी ठरवावं. हे मला पूर्ण पटतं. पाहुण्याचं परतीचं तिकीट काढलेलं असतं आणि पाणी रोज घालावं लागतं.

आता आमच्या घरी या. रत्नागिरी शहरालगत स्टरलाइटच्या तांबे प्रकल्पासाठी शेकडो एकर जमीन घेतली गेली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांनी आंदोलन करून तो प्रकल्प रोखला आणि तो तामिळनाडूत थुथुकुडीला गेला. आंदोलन योग्य होतं, असंच माझं मत आहे. पण ती जमीन पुढे वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली, आणि तिथे निदान भाजी पिकवू द्या अशी मागणी आमच्यातून उठली नाही, याची बोच मला आहे.

गावोगावच्या पडीची कारणं आणखी आहेत. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागा लागल्या, डोंगर आंबा-काजूने भरले, तिथली राखण आज बऱ्याच ठिकाणी नेपाळहून आलेली माणसं करतात. मळ्याची जमीन मात्र ओस. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, निम्मी मुंबईला, सही कोणाची घ्यायची? कसायला दिली तर कूळ लागेल ही भीती 1948 च्या कायद्यापासून मनात बसलेली. त्यात वानर-माकडं. भुईमुगाचा वाफा एका सकाळीत उलथा झाला की माणूस पुढच्या वर्षी फावडं उचलत नाही. ही तक्रार आळशी माणसाची नव्हे, राबून थकलेल्याची आहे, आणि माकडांचा बंदोबस्त ही सरकारचीच जबाबदारी आहे.

तरी जिथे बचत गटाच्या बायकांनी विहिरीजवळची एखाद-दोन गुंठे जागा एकत्र कसायला घेतली, तिथे माठ, मुळा, वांगी बाजारात जातात हे मी पाहते. राखण आळीपाळीने होते, म्हणून माकडंही आवरतात. अशा गटाला जागा आणि लेखी भरवसा लागतो, बाकीचं त्या करतात.

दिवाळीला गावी आलेल्या चाकरमान्यांना म्हणून माझं सांगणं आहे. भात झोडून झालं की मळ्यात ओल असते, आणि कुळीथ, पावटा, कडवे वाल पेरायला हेच दिवस. परतीच्या गाडीआधी चुलत्या-पुतण्यांनी एकत्र बसून सातबारा काढावा, पडीचा एक तुकडा ठरवावा आणि मुदत लिहून तो गावातल्या गटाला कसायला द्यावा. सुट्टीत त्या मळ्यावर हातभार लावायला या. पेरायचं काय, ते त्या बायकांना ठरवू द्या.