रुपयाचा डबा पुन्हा बोलू लागला

‘एसटीडी-आयएसडी-पीसीओ’ ही पिवळी पाटी आठवते ना? १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने देशी बनावटीची टेलिफोन एक्स्चेंज तयार झाली आणि पुढच्या काही वर्षांत एसटी स्टँडपासून खेड्यापर्यंत हे बूथ पोहोचले. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची. मग पानठेल्यावर, किराणा दुकानात रुपयाचं नाणं घेणारा लाल डबा आला. ‘सुखरूप पोचले’ एवढं माहेरी कळवायला रुपया पुरायचा. मोबाइल आले आणि हे डबे भंगारात गेले.

असाच एक डबा आज आमच्या वावरातल्या घरी, ओसरीच्या भिंतीवर आहे. आमचं वावर घाटंजी तालुक्यात, सागाच्या जंगलाला लागून. घरात मोबाइलला रेंज नाही. टेकाडावर चढलं तर एखादी दांडी दिसते. आणि मोबाइल तरी कुणाचा? घरधन्याच्या खिशातला. ते बाजाराला गेले की फोनही बाजाराला! मागे राहतात सासूबाई, मी आणि लेकरं.

ही अडचण साधी नाही. २०१७च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून कपाशीवर फवारणी सुरू असली की माझा जीव थाऱ्यावर नसतो. साप चावला, कुणाला भोवळ आली, तर १०८ला फोन करायचा कशावरून?

दिरांनी भंगारातून तो डबा आणला. रिसीव्हरची वायर तुटलेली, बोलायचा माइक बाद, बटणांखाली धूळ. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकनं नवी वायर, नवा माइक बसवला, आतली कळ घासूनपुसून साफ केली. आमच्याकडे टेलिफोनची तार नाही, म्हणून सिमकार्ड घालायचं एक यंत्र घेतलं. ते मोबाइलच्या रेंजवर चालतं आणि त्याला साधा टेलिफोन जोडता येतो. त्याचा अँटेना उंच बांबूवर बांधला तेव्हा कुठे रेंज मिळाली. वीज गेली तरी चालावं म्हणून सोलरची बॅटरी जोडली.

खरी गंमत नाण्याची. पूर्वी समोरच्यानं फोन उचलला की एक्स्चेंज तारेतल्या विजेची दिशा उलटवायचं. त्या इशाऱ्यावर डबा रुपया मागायचा आणि नाणं पडल्यावरच आपला आवाज पलीकडे जायचा. आमच्या यंत्रात तो इशारा नाही, म्हणून मेकॅनिकनं नाण्याचा भाग जोडणीतून काढून टाकला. आता फुकट बोलता येतं. तरी लेकरं हौसेनं रुपया टाकतात. त्यावर रिचार्जचा थोडा भार निघतो!

सासूबाईंना मोबाइलच्या काचेवर बोट फिरवणं जमत नाही. पण ठसठशीत बटणं दाबून त्या स्वतः मुलीला फोन लावतात. ‘आता मले कोनाले लावून दे म्हना लागत नाई,’ म्हणतात. शेजारच्या वावरातल्या बायाही येतात. कुणी माहेरी बोलतं, कुणी मजुरीचं विचारतं.

दूर अमेरिकेतही हेच चाललंय. व्हरमाँट राज्यातल्या डोंगराळ गावांत रेंज मिळत नाही. तिथे पॅट्रिक श्लॉट या अभियंत्यानं जुने पेफोन दुरुस्त करून इंटरनेटवर जोडले. २०२४ साली गावातल्या दुकानाबाहेर पहिला फोन लागला. त्यावरून फुकट बोलता येतं.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर साधा बटणांचा टेलिफोनही चालेल. आधी कुठल्या कंपनीची रेंज उंचावर मिळते ते बघा, सिम त्याचंच घ्या. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. फोनशेजारी १०८, ११२, आशाताई आणि वायरमन यांचे नंबर मोठ्या अक्षरात चिकटवा. आणि घरातल्या प्रत्येक बाईला, म्हाताऱ्या सासूलासुद्धा, एकदा स्वतःच्या हातानं फोन लावायला सांगा. वेळ आली की तोच सराव कामी येतो.